‘घरटी पॉलिसी द्या आणि गोमेकॉ विका’ म्हणणाऱ्यांना उत्तर

सत्तरीकर

परवापासून फिरणारी पोस्ट बहुतेकांनी वाचली असेल. मुद्दा असा: गोव्यातल्या प्रत्येक घराला दहा लाखांची खाजगी आरोग्य पॉलिसी सरकारने काढून द्यावी, गोमेकॉ (बांबोळीचे सरकारी गोवा मेडिकल कॉलेज) आणि दोन्ही जिल्हा इस्पितळे खाजगी कंपन्यांच्या हवाली करावीत आणि आरोग्य खात्याने गाशा गुंडाळावा. खाली शेकडो लोकांनी ‘अगदी बरोबर’ लिहिले आहे. मला ते पटलेले नाही. का, ते नीट लिहितो.

वाळपईच्या पलीकडे, म्हादईच्या खोऱ्यातल्या वाड्यांवर, पावसाळ्यात मण्यार चावते. बहुधा रात्री, झोपेत. सूज नाही, फारसे दुखत नाही. दोन-तीन तासांनी पापण्या जड होतात, मग गिळता येत नाही, मग श्वासाचे स्नायू थांबतात. अशा माणसाला सर्पविषप्रतिबंधक लसीच्या साधारण दहा कुप्या सलाईनमधून तासाभरात द्याव्या लागतात. लसीचीच रिॲक्शन आली तर ॲड्रेनालिन हाताशी भरून ठेवावे लागते आणि श्वास थांबला तर नळी घालून व्हेंटिलेटरपर्यंत पोचवावे लागते. घोणस किंवा फुरसे असेल तर आधी वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी. ती कोरड्या, नव्या काचेच्या नळीत करायची. साबणाने धुतलेली किंवा प्लास्टिकची नळी वापरली तर निकाल चुकतो.

आता सांगा, यातले काय पॉलिसीच्या कागदावर आहे? विमा कंपनीच्या व्याख्येत दहा लाखांखालच्या वस्तीच्या गावात इस्पितळ म्हणजे किमान दहा खाटा, चोवीस तास परिचारिका आणि डॉक्टर, शस्त्रक्रियागृह. सत्तरी, सांगे, धारबांदोडा या तालुक्यांत या व्याख्येत बसणारी खाजगी इस्पितळे किती, ते बोटांवर मोजा. लसीच्या कुप्या वर्षभर थंड जागी ठेवायच्या, चावा आला नाही तर मुदत संपून टाकून द्यायच्या, तरी पुन्हा मागवायच्या. हा खर्च आरोग्य केंद्र करते. कुठली कंपनी न आलेल्या रुग्णासाठी पैसे देते?

दुसरे, माकडताप, म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून माणसाला होणारा ताप. २०१५ मध्ये पाली गावात सुरू झाला आणि सत्तरीत पसरला. तो आटोक्यात आणायला मेलेल्या माकडाची खबर मिळाली पाहिजे, त्या जागेभोवती पन्नास मीटरच्या परिघात गोचीडनाशक धुरळले पाहिजे, गोचीड गोळा करून तपासायला पाठवले पाहिजेत आणि काजूचा हंगाम लागण्याआधी बागायतीत जाणाऱ्यांना अंगाला लावायचे तेल वाटले पाहिजे. हे काम करताना एकही माणूस खाटेवर नसतो. म्हणजे दावाही नाही आणि बिलही नाही.

विमा म्हणजे बिल भरण्याची सोय. इस्पितळ कुणीतरी आधी उभे केलेले असावे लागते.

पर्वरीचा हिशेबनीस

साप आणि माकडे पुढे केली की भावना जिंकतात. शहरात राहणाऱ्या बहुसंख्य गोमंतकीयांचे काय? त्यांना हर्निया, मोतीबिंदू, गुडघा, ॲन्जिओप्लास्टी लागते. यासाठी बांबोळीला पहाटे केसपेपरच्या रांगेत उभे राहायचे, एमआरआयची तारीख घ्यायची, त्या दिवशी मशीन बंद, पुन्हा तारीख. खाजगीत विमा कंपनीची पूर्वमान्यता घेतली की ठरल्या दिवशी शस्त्रक्रिया.

नियमही आता ग्राहकाच्या बाजूने आले आहेत. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानंतर कॅशलेसच्या, म्हणजे बिल कंपनीने थेट इस्पितळाला भरण्याच्या, विनंतीवर तासाभरात निर्णय, डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत अंतिम मंजुरी. पॉलिसीआधीपासून असलेल्या आजारावर दावा करण्यासाठीची प्रतीक्षा चार वर्षांवरून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आली. पाच वर्षे पॉलिसी सलग चालली की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय ‘माहिती लपवली’ म्हणून दावा नाकारता येत नाही. पासष्टीच्या वर पॉलिसी नाही, ही अटही गेली. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा अठरा टक्के जीएसटीही उठला.

आणि सरकारी यंत्रणेच्या भरवशाचे म्हणाल तर ११ मे २०२१ ची पहाट आठवा. दोन ते सहा या चार तासांत गोमेकॉत २६ कोविड रुग्ण गेले, हा आकडा खुद्द आरोग्यमंत्र्यांनी सांगितला. मोफत उपचार असूनही प्राणवायूचा दाब पडला. अशा यंत्रणेवर लोकांनी का विसंबायचे?

दाव्यांची फाईल

हिशेबनीस, नियम बरोबर सांगितलेत, पण पॉलिसीतली जी कलमे खिसा कापतात ती गाळलीत. खोलीभाड्याची मर्यादा घ्या. पाच लाखांची पॉलिसी, एक टक्का मर्यादा, म्हणजे रोज ५,००० ची खोली. रुग्णाला ८,००० ची खोली मिळाली, कारण स्वस्त खोली रिकामी नव्हती. आता कंपनी फक्त रोजचे ३,००० कापून थांबत नाही. शल्यविशारद, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह, नर्सिंग या सगळ्याचे पाच-अष्टमांशच देते. हे मिळून १,६०,००० झाले असतील तर कंपनी १,००,००० देणार आणि ६०,००० रुग्णाचे. चार दिवसांच्या खोलीभाड्यातला फरक १२,००० वेगळा. वर हातमोजे, मास्क, डायपर अशा न देण्याच्या वस्तूंची लांब यादी आहेच. औषधे, इम्प्लान्ट, तपासण्या आणि आयसीयू यांवर ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही, असा नियम २०२० पासून आहे. तरीही बिलात सरसकट कपात लावलेली दिसते, आणि डिस्चार्जच्या गडबडीत नातेवाईक सही करून मोकळे होतात. अंतिम मंजुरीचा कागद मागा, कपात कुठल्या शीर्षकाखाली आहे ते ओळीओळीने तपासा.

पॉलिसी घेताना विचारायच्या गोष्टी: खोलीभाड्याची मर्यादा नको. को-पे, म्हणजे दर दाव्यात दहा-वीस टक्के स्वतः भरायची अट, आहे का पाहा. मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, गुडघा बदल यांना साधारण दोन वर्षांची वेगळी प्रतीक्षा असते. म्हणजे तुम्ही ज्या चार गोष्टी वर मोजल्यात त्यातल्या तीन पॉलिसी हातात पडल्या दिवशी मिळतच नाहीत. तोवर माणूस बांबोळीलाच जाणार.

ओपीडी तर बहुतेक पॉलिसींत नसतेच. रक्तदाब आणि मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या ज्याला परवडत नाहीत, त्याचा दावा पुढे पक्षाघाताचा येतो.

पर्वरीचा हिशेबनीस

सरकारने गट पॉलिसी काढली तर प्रतीक्षा काळ पहिल्या दिवसापासून माफ करून घेता येतो. कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांसाठी हे रोज करतात. एवढे ज्ञान असताना ही गोष्ट तुम्ही का लिहिली नाहीत?

दाव्यांची फाईल

मिळते, मान्य. त्याची किंमत हप्त्यात येते, हेही मान्य करा. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४.५८ लाख. चौघांचे कुटुंब धरले तर साडेतीन लाखांहून जास्त घरे. घरटी २५,००० हप्ता धरला तरी वर्षाला ९०० कोटींच्या वर. त्यातून केवळ आरोग्य विमा विकणाऱ्या कंपनीला व्यवस्थापन खर्चासाठी हप्त्याच्या ३५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे. तेवढा पैसा डॉक्टरपर्यंत पोचण्याआधीच वाटेत संपू शकतो. आणि हप्ता दरवर्षी चढतो. ज्येष्ठांसाठी वर्षाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढ नियामकाशी सल्लामसलत केल्याशिवाय करता येत नाही, हे बंधन २०२५ मध्ये घालावे लागले ते उगाच नाही.

दोडामार्गची वाचक

तुमचा हा सगळा वाद ‘गोमंतकीयांसाठी गोमेकॉ’ एवढ्या चौकटीत चालला आहे. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीचा अपघातग्रस्त आजही बांबोळीलाच येतो, कारण दुसरीकडे जायचे तर आंबोली घाट चढून कोल्हापूर. १ जानेवारी २०१८ पासून तुम्ही आम्हाला शुल्क लावलेत. म्हणजे कार्ड असेल तर उपचार, नसेल तर पैसे, हा विम्याचाच न्याय सरकारी इस्पितळाने आधी आम्हाला लावला. आता तोच न्याय तुमच्यावर येऊ पाहतो आहे, तर सगळे खडबडून जागे झालात.

म्हापशेकार

ताई, थांबा. गोमेकॉ गोव्याच्या करातून चालते. खाट एकच आणि रुग्ण तीन, अशा वेळी आधी कुणाला घ्यायचे हा प्रश्न विचारला तर आम्ही दुष्ट ठरतो का? महाराष्ट्राने सत्तर वर्षांत सिंधुदुर्गाला ट्रॉमा सेंटर का दिले नाही, हे आधी मुंबईला विचारा. ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यायला २०२१ उजाडले.

दोडामार्गची वाचक

सत्तर वर्षे कसली? सिंधुदुर्ग जिल्हाच १९८१ ला झाला. आणि कराचे म्हणता, तर तिळारीचे धरण आमच्या तालुक्यात आहे. गावे आमची बुडाली, कालवे बार्देश, डिचोली, पेडण्याला पाणी नेतात. थिवी आणि पिळर्णच्या कारखान्यांत रोज सकाळी इकडून पोरे भरून जातात. त्यांच्या श्रमावरचा कर कुठे जमा होतो?

म्हापशेकार

तिळारीच्या खर्चाचा मोठा वाटा गोव्याने उचलला आहे. पाणी फुकट घेतलेले नाही. पाण्याचा हिशेब इस्पितळाच्या खाटेवर मांडू नका.

दोडामार्गची वाचक

मग तुम्हीही कराचा मांडू नका. डोके फुटलेल्या पोराला बांबोळीच्या दारात पहिला प्रश्न ‘कुठल्या राज्याचा?’ हा विचारला जाऊ नये. माझे एवढेच म्हणणे आहे, आणि त्यावरून मी हटणार नाही.

दाव्यांची फाईल

दोघेही जरा ऐका, कारण यातून काम होण्यासारखे काहीतरी निघते. थिवी-पिळर्णच्या कारखान्यांत महिना २१,००० पर्यंत पगार असलेला कामगार ईएसआयखाली, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेखाली, येतो, तो दोडामार्गचा असो वा म्हापशाचा. त्याचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के कापले जातात. त्याच्यावर आणि त्याच्या कुटुंबावर ईएसआयखाली उपचार होतात, राज्याची सीमा त्यात येत नाही. अडचण असते ती कागदात: कुटुंबाची नावे नोंदलेली नसतात, आधार जोडलेले नसते, कंत्राटदाराने हप्ता कापून भरलेला नसतो. पगाराच्या पावतीवर ईएसआयचा दहा अंकी नंबर आहे का आणि त्या नंबरावर दर महिन्याचा भरणा दिसतो का, एवढे प्रत्येकाने तपासावे.

महाराष्ट्रात तर महात्मा फुले ही सरकारी आरोग्य योजना सगळ्या शिधापत्रिकाधारकांना लागू करून मर्यादा पाच लाखांवर नेली आहे. म्हणजे सिंधुदुर्गच्या रुग्णाचा खर्च भरणारा कुणीतरी कागदावर आहे. इस्पितळाने रुग्ण घ्यावा आणि बिल राज्याने राज्याला लावावे. रुग्णाच्या नातेवाइकाला खिडकीवर उभे करू नये.

म्हापशेकार

तसे बिल महाराष्ट्र वेळेवर भरणार असेल तर माझी हरकत नाही. नाही भरले तर भुर्दंड आमच्यावर पडणार, आणि आजवरचा अनुभव पाहता भरेल असे मला वाटत नाही. पण तातडीच्या रुग्णाला दारात अडवू नये, हे तुमचे म्हणणे मान्य करतो. तेवढेच.

सत्तरीकर

मूळ मुद्द्यावर येतो, आणि ईएसआयचा दाखला त्यासाठीच वापरतो. ईएसआय हा विमाच आहे. कामगाराच्या आणि मालकाच्या हप्त्यावर चालतो. तरी त्या विम्याला मडगावात स्वतःचे इस्पितळ बांधावे लागले आणि दवाखाने उघडावे लागले. नुसते ‘जा, कुठेही उपचार घ्या, आम्ही बिल भरतो’ एवढ्यावर भागले नाही.

आता २०२१ चे. त्या रात्री नेमके काय बिघडले ते पाहू, कारण त्यावरच सगळे अवलंबून आहे. प्राणवायू सिलिंडरच्या ट्रॉल्यांतून मुख्य वाहिनीत जात होता. एक ट्रॉली संपून दुसरी जोडेपर्यंत दाब पडतो. ज्यांना जास्त प्रवाह लागतो त्या रुग्णांना ती काही मिनिटेही सोसत नाहीत. उपाय होता द्रवरूप प्राणवायूची मोठी टाकी, आणि २०,००० लिटरची टाकी त्या मृत्यूंनंतर बसली. ती आधी बसायला हवी होती. हा अक्षम्य निष्काळजीपणा होता आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. पण त्याच महिन्यात सरकारला खाजगी इस्पितळांतल्या कोविड खाटांचा ताबा घ्यावा लागला, हेही घडले. आणि विमा? नियामकाने कंपन्यांना सक्तीने काढायला लावलेली कोरोना कवच पॉलिसी जास्तीत जास्त पाच लाखांची, मुदत साडेतीन, साडेसहा किंवा साडेनऊ महिने, सुरुवातीचे पंधरा दिवस संरक्षण नाही. साथीत पंधरा दिवस म्हणजे काय, हे इथे कुणाला सांगायला नको.

पर्वरीचा हिशेबनीस

तुम्ही भारतातली मोडकी उदाहरणे घेऊन तत्त्व नाकारता. स्वित्झर्लंडमध्ये १९९६ पासून प्रत्येक रहिवाशाला विमा सक्तीचा आहे आणि तो खाजगी संस्थाच देतात. नेदरलँड्सने २००६ मध्ये सगळी लोकसंख्या खाजगी विम्यावर आणली. दोन्हीकडे लोक रस्त्यावर मरत नाहीत. मग गोव्यात, एवढ्याशा राज्यात, हे का होऊ नये?

मडगावची फार्मासिस्ट

स्वित्झर्लंडचे अर्धेच सांगितलेत. तिथे मूळ पॉलिसीवर कंपनीला नफा कमावता येत नाही. कुणालाही, कितीही आजारी असला तरी, नाकारता येत नाही. आजारी माणसे जास्त असलेल्या कंपनीला निरोगी माणसे जास्त असलेल्या कंपनीकडून पैसे वळते होतात. आणि इस्पितळात भरती झालेल्याच्या खर्चाचा किमान ५५ टक्के वाटा त्यांचे प्रांत करातून भरतात. नेदरलँड्समध्येही कंपनीला मूळ पॉलिसी नाकारता येत नाही आणि जोखमीचे पैसे वळते केले जातात. अमेरिका खाजगी विम्याचे माहेरघर, तिथेही पासष्टीच्या पुढच्यांसाठी १९६५ मध्ये सरकारी मेडिकेअर काढावे लागले. म्हाताऱ्यांना परवडेल अशी पॉलिसी बाजार देत नव्हता.

आता माझा विषय, क्षयरोग. साध्या क्षयाला सहा महिने औषध: पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन, वजनाप्रमाणे रोजच्या गोळ्या ठरतात. रुग्ण बहुधा भरती होत नाही, म्हणून चोवीस तास भरतीची अट असलेली पॉलिसी एक पैसा देत नाही. दोन महिन्यांत खोकला थांबतो आणि माणूस गोळ्या सोडतो. तिथेच औषधाला न जुमानणारा क्षय तयार होतो. तो रोखायला कुणीतरी घरी जाऊन गोळ्या मोजाव्या लागतात, घरातल्या लहान मुलांची तपासणी करावी लागते. हे आरोग्य केंद्राचे कर्मचारी करतात. खाजगी डॉक्टरलाही क्षयाचा रुग्ण सरकारला कळवणे बंधनकारक आहे, कारण सरकारी मोजणीशिवाय हा आजार आवरत नाही. बांधकामावरच्या मजुरांच्या मलेरिया तपासणीचे आणि आरोग्य कार्डाचेही तेच. बिल्डरने मजुरांची कार्डे केली नाहीत तर ताप आख्ख्या वाड्याला येतो, पॉलिसी असलेल्यांनाही.

पर्वरीचा हिशेबनीस

ठीक. क्षय, मलेरिया, लसीकरण, सर्पदंश हे सरकारकडे ठेवा. मी मोठ्या इस्पितळांबद्दल बोलतो आहे.

सत्तरीकर

मोठ्याच इस्पितळाबद्दल बोलू. हृदयविकाराचा झटका काणकोणच्या माणसाला आला. गोव्यात २०१८ च्या अखेरीपासून अशा झटक्यासाठी स्टेमी प्रकल्प चालतो. जवळच्या सरकारी केंद्रात ईसीजी काढायचा, तो मोबाइलवरून गोमेकॉतल्या हृदयरोगतज्ज्ञाला जातो, त्याने होकार दिला की गाठ विरघळवणारे टेनेक्टेप्लेस तिथेच द्यायचे आणि मग १०८ ने बांबोळीला. दारात आल्यापासून सुई टोचेपर्यंत तीस मिनिटे, हे लक्ष्य. इंजेक्शन आधी, कागद नंतर. आता हे पॉलिसीवर टाका: कार्ड, नेटवर्क यादी, पूर्वमान्यता. तुमच्या एक तासाच्या नियमात हृदयाचा किती स्नायू मरतो, ते कुठल्याही हृदयरोगतज्ज्ञाला विचारा.

पर्वरीचा हिशेबनीस

तातडीच्या रुग्णाला पूर्वमान्यतेसाठी थांबवत नाहीत. भरती करून चोवीस तासांत कंपनीला कळवायचे असते. एवढे मोठे विधान करण्याआधी कलम वाचा!

दाव्यांची फाईल

कलम तुम्ही म्हणता तसेच आहे. पण दारात अनामत मागायला हे कलम इस्पितळाला अडवत नाही, आणि अडवायचे असेल तर तो कायदा सरकारलाच करावा लागेल. तसेच डायलिसिस घ्या. आठवड्याला तीन वेळा, प्रत्येक वेळी चार तास, वर्षाला १५६ फेऱ्या. एका फेरीचे १,५०० धरले तरी २,३४,०००. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेची मर्यादा तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख. एका माणसाच्या मूत्रपिंडावर छोट्या कुटुंबाचे सगळे संरक्षण संपते. म्हणूनच सरकारी केंद्रांत डायलिसिस मोफत ठेवावे लागते. दहा लाखांची पॉलिसी दिली तरी असा रुग्ण दरवर्षी दावा करणार आणि पुढच्या निविदेत कंपनी हप्ता वाढवणार.

पर्वरीचा हिशेबनीस

तेवढ्यापुरते सरकारी केंद्र हवे, हे मी मान्य करतो. तातडीची सेवा, डायलिसिस, साथीचे आजार आणि डॉक्टर घडवणारे महाविद्यालय सरकारकडे राहू दे. पण ठरवून करायच्या शस्त्रक्रियांना लोकांना वर्षभर रांगेत का ठेवता? हर्नियासाठी, गुडघ्यासाठी पॉलिसी द्या, बांबोळीचा भार हलका होईल. यावर अजून कुणीही उत्तर दिलेले नाही.

सत्तरीकर

पॉलिसी सरकारी इस्पितळांची ‘पूर्ण जागा घेईल’, असे पोस्ट म्हणत होती. तुम्ही आता अर्ध्यावर आलात. त्या अर्ध्याला उत्तर असे की भार हलका व्हायचा तर आधी म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा इस्पितळांतली शस्त्रक्रियागृहे संध्याकाळीही चालली पाहिजेत. त्याला भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृहातील परिचारिका आणि निर्जंतुकीकरणाचे कर्मचारी लागतात. नुसते सर्जन वाढवून रांग हलत नाही. नऊशे कोटींतला छोटासा भाग या तीन पदांवर घाला.

पर्वरीचा हिशेबनीस

पदे जाहिरातीत निघतात आणि भरली जात नाहीत. भूलतज्ज्ञाला खाजगीत दुप्पट मिळत असेल तर तो जिल्हा इस्पितळात का थांबेल? पगाराचे काय करणार, ते आकड्यांत लिहा.

मडगावची फार्मासिस्ट

हा प्रश्न योग्य आहे. ज्यांना वेतनश्रेणी आणि प्रति-शस्त्रक्रिया मानधनाचे नियम माहीत आहेत त्यांनीच इथे लिहावे. तिळारीवर पुढे भांडायचे असेल तर वेगळा धागा काढा.